पळसदेवला न्यायची फ्रेम

रणजितला त्या रात्री खरं तर एकच काम होतं. शो संपला की एक फ्रेम पळसदेवला पोचवायची. काच लावलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली. तारीख सांगून ठेवतो, म्हणजे या अमजदभाईनं काहीतरी रचलं असं नंतर म्हणायला नको. शुक्रवार, १२ जानेवारी २०२४. अमावस्या आदल्याच दिवशी झालेली. त्या शोचा साउंड माझा होता, त्यामुळं निम्मी गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. उरलेली निम्मी रणजितनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितली.

बसा त्या स्पीकरच्या पेट्यांवर. जनरेटरचं डिझेल यायला अजून अर्धा तास आहे. आणि तो मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर मारू नका. तुम्ही कॅमेरे घेऊन आलात म्हणून ही गोष्ट काढली. नाहीतर मी ती कुणाला सांगत नाही.

रणजित माळेगाव बुद्रुकचा. दिवसा बारामतीत लग्नाचे फोटो काढायचा, आणि सवड मिळाली की बँडचे. बँड म्हणजे वरातीतला नव्हे, गिटारवाला. स्वतःची गाणी स्वतःच रचायची आणि स्वतःच ओरडायची. मला त्या गाण्यांतलं काही कळत नाही, माझे कान लावणीवर तयार झालेले. पण पोरं जीव लावून वाजवायची, हे माझ्यासारख्या खडूस माणसालाही कबूल आहे. मंगल कार्यालयवाले यांना दारात उभं करत नसत. मग यांनी एक युक्ती शोधली. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांचा लॉट गेला की शेड धुऊन, चुना मारून पंधरा दिवस मोकळं ठेवतात. नवी पिल्लं यायच्या आत त्याच शेडात शो घ्यायचा. आपल्याकडच्या सगळ्या बँडचं वेळापत्रक कोंबड्यांच्या हिशोबानं चालायचं. हसू नका, खरं सांगतोय.

त्यातला एक बँड 'बुडीत' नावाचा. हे नाव सोनबानं ठेवलेलं, कारण त्याच्या आज्याची जमीन उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेली. सोनबा पळसदेवचा, ड्रम वाजवायचा. गाणारा यशराज. देखणा, केस मानेपर्यंत, त्याच्यावर उजेड पडला की पोरी किंचाळायच्या. रणजित तीन वर्षं या बँडच्या मागं फिरला आणि अकरा हजारांवर फोटो काढले. सोनबा त्याचा जिवाभावाचा दोस्त. प्रत्येक शोआधी तो रणजितला म्हणायचा, "आरं, एकदा मागं ये की माझ्याकडं. सारखं त्या यशाचंच थोबाड काय काढतूस?" आणि रणजित म्हणायचा, "पुढल्या शोला नक्की."

आदल्या वर्षी गाळपाच्या हंगामात सोनबा रात्री मोटरसायकलवरून घरी चालला होता. पुढं उसाची ट्रॉली. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता... घरी आणला तेव्हा चेहरा झाकूनच ठेवला होता.

दहाव्याला सोनबाच्या आईनं, द्वारकाबाईंनी, रणजितला बाजूला घेतलं. बाई एकटी, नवरा कधीच गेलेला. मुलानं बँड काढला म्हणून तीन वर्षं त्याच्याशी भांडली होती. एकदाही त्याचं वाजवणं बघायला गेली नव्हती. ती म्हणाली, "रणजित, त्यो आधारकार्डावरचा फोटू मला भिताडाला नको. त्यो वाजवताना कसा दिसायचा, त्यो दे. म्या बघितलाच न्हाय रं त्याला वाजवताना. तुझ्याकडं आसंल की."

रणजित म्हणाला, "हाय मावशी. देतो."

घरी जाऊन त्यानं अकरा हजार फोटो उघडले. एकातही सोनबाचा चेहरा नव्हता. कुठं पितळी झांजेआड गेलेला, कुठं धुरात, कुठं यशराजच्या पाठीमागं. एका फोटोत हनुवटी. एकात कान आणि अर्धा गाल. रणजित नेहमी समोर उभा राहायचा, यशराजच्या पायाशी. मागं कधी गेलाच नव्हता. एवढी मोठी चूक, आणि ती दुरुस्त करायला माणूस उरलेला नाही.

त्याला रडू यायला हवं होतं. आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो ना, गाल तिथं असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. जेवायचा, लग्नांचे फोटो काढायचा, लोकांना हसा म्हणायचा. आत काही हलायचं नाही.

द्वारकाबाई दर महिन्याला फोन करायच्या. "झाला का रं फोटू?" शेवटी वर्षश्राद्ध जवळ आलं तसं त्यानं तो चेहरा बनवायला घेतला. हनुवटी खरी, कान खरा, केस खरे. उरलेलं कम्प्युटरनं भरलं. डोळे मिटलेले ठेवले, कारण मिटलेले डोळे सोपे जातात आणि ड्रमर तंद्रीत असल्यासारखा दिसतो. गालावर घामाचा एक थेंब त्यानं स्वतः बसवला. चार महिने रोज रात्री तो त्या चेहऱ्यापुढं बसायचा. मी विचारलं होतं त्याला, "कम्प्युटर हे डोळं, गाल आणतो कुठनं?" म्हणाला, "कुठनं न्हाय अमजदभाई. आपोआप करतो." आता आपोआप कोण माणूस होतो का? पण मी गप्प बसलो.

त्या शुक्रवारी कळस गावातल्या एका शेडात सोनबाच्या आठवणीचा शो होता. त्याचा ड्रमसेट मागं मांडला होता, आणि वाजवायला कुणी बसणार नव्हतं. रणजितनं फ्रेम आणली तेव्हा यशराजनं कागद सोडून बघितली आणि हमसून रडला. "भावा... सेम रं. सेम आपला सोन्या." मग त्यांनी ती फ्रेम ड्रमच्या स्टुलावर ठेवली. मीही बघितली. फोटो इतका चांगला होता की मलाही क्षणभर सोनबा असाच दिसायचा असं वाटलं.

शो चालू असताना रणजित पहिल्यांदा मागं गेला आणि त्या स्टुलाशेजारी उकिडवा बसला. तिथून त्याला काय दिसलं? सगळ्यांच्या पाठी. तीन वर्षं सोनबाला एवढंच दिसत होतं. रणजितनं कॅमेरा खाली ठेवला आणि शो संपेपर्यंत तिथंच बसून राहिला.

शो अकराला संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पळसदेवला वर्षश्राद्ध, पाण्याच्या काठावर फोटो मांडायचा होता. द्वारकाबाईंनी सांगून ठेवलं होतं, कितीही वाजू देत, घेऊन ये, मी स्वयंपाकासाठी जागीच आहे. मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा रणजित निघाला. मोबाइल बघितला मी, बारा वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं, "झोप हितंच, पहाटं जा." म्हणाला, "नको. दिऊन टाकतो एकदाची."

कळसच्या पुढं रस्ता उसातून जातो. मोटरसायकलच्या टाकीवर ठेवलेली फ्रेम सारखी घसरत होती. दोन-तीन किलोमीटरवर त्यानं गाडी थांबवली आणि सुतळी आवळायला लागला. तेवढ्यात बाजूनं आवाज आला.

"पळसदेव का?"

एक माणूस उभा होता. अंगात नुसता सदरा, एवढ्या थंडीत. रणजितनं नीट वर बघितलंही नाही. हंगामात रात्री कोण ना कोण रस्त्यावर असतंच. तो म्हणाला, "बसा. ही फ्रेम तेवढी मांडीवर धरा."

माणूस बसला. गाडी निघाली.

थोड्या वेळानं माणसानं विचारलं, "हितं काय हाय?"

"ऊस."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

"आन् वास कसला येतोय?"

"उसाचं वाळलं पाचट पेटवलंय कुणीतरी."

रणजितला वाटलं, माणूस परगावचा असेल. पुढं कालव्याचा पूल आला, तेव्हाही त्यानं विचारलं, हे काय. वस्तीवर कुत्री भुंकली, तेव्हा विचारलं, कशाला भुंकत्यात. रणजित सांगत गेला. मग माणूस म्हणाला, "घरी कोण कोण हाय?"

"आई हाय, वडील हायत. माळेगावला."

"तुमच्या न्हाय. पळसदेवला."

रणजितला तेव्हाच थांबता आलं असतं. तो मला म्हणाला, "अमजदभाई, घाबरायला पायजे हे कळत हुतं. पण भीती येतच नव्हती." त्यानं नुसतं उत्तर दिलं.

"द्वारकामावशी. एकटीच असती."

"जेवायला काय करती?"

"भाकरी. मासं असलं की कालवण."

"झोपायला?"

"पुढच्या सोप्यात. खिडकीखाली जागा हाय... सोनबाची."

"हाक काय म्हणून मारती?"

"सोनू. चिडली की सोनबा."

मागं तो माणूस हळूच म्हणाला, "सोनू..." मग परत, जरा वेगळ्या आवाजात, "सोनू." नवा सदरा अंगाला लावून बघावा तसं.

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. हेडलाइटचा झोत आरशात पडला. रणजितनं बघितलं.

तोच चेहरा. हनुवटी, कान, केस. गालावर घामाचा थेंब. वाऱ्यात गाडी चाललीय आणि थेंब ढळत नाही.

डोळे मिटलेले.

ट्रॅक्टर गेला. अंधार.

"डोळं उघडा," रणजित म्हणाला. का म्हणाला, त्यालाही सांगता आलं नाही.

"उघडत न्हाईत..." मागचा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमी केलंच न्हाईत."

...

ऊस संपला. हायवे ओलांडला. पाण्यावरचा गार वारा लागला. मागं वजन होतं, आणि मांडीवर धरलेल्या फ्रेमचा कोपरा रणजितच्या पाठीला टोचत होता. सबंध रस्ता.

एक वाजून पाच मिनिटांनी गाडी द्वारकाबाईंच्या दारात थांबली. मागून दोन हात पुढं आले. फ्रेम त्या हातांत होती. रणजितनं ती घेतली आणि मागं न बघता पायरी चढला.

आत बल्ब लागलेला. द्वारकाबाई सुपात डाळ निवडत होत्या. नात्यातल्या दोघी-तिघी बायका पलीकडं गोधड्या घेऊन झोपल्या होत्या. म्हातारीनं हात पदराला पुसले आणि फ्रेम घेतली. सुतळी दातांनी तोडली. एवढं वर्ष वाट बघितलेली, घाई होणारच की. कागद बाजूला सारून फ्रेम बल्बाखाली धरली.

किती वेळ बघत होत्या, कोण जाणे.

"ह्यो कोण?"

"मावशी... सोनबा."

"न्हाय."

"वाजवतानाचा हाय. वाजवताना माणूस येगळा दिसतो."

"रणजित," त्या म्हणाल्या, "म्या त्याला ष्टेजवर बघितला न्हाय. पण घरात बघितलाय. चार वरसाचा आसल्यापासनं पातेली बडवायचा. बडवताना जीभ भाईर काढायचा, दातात धरायचा. म्या म्हनायची, तुटंल की रं भाड्या. आन् डोळं ह्येवढं! टकामका बघायचा समद्यांकडं, कोण नाचतंय, कोण न्हाय. माझा सोनू डोळं मिटून कवाच वाजवायचा न्हाय."

रणजित मला सांगत होता की ती हे बोलली तेव्हा कुठं त्याच्या डोळ्यांपुढं सोनबा आला. तीन वर्षं ज्याला बघायचं राहिलं तो, जीभ दातात धरून, सगळ्यांच्या पाठींकडं टकामका बघणारा. म्हातारीनं अकरा हजार फोटोंत नसलेला फोटो दोन वाक्यांत काढून दिला होता. आतातरी रडू यावं म्हणून तो थांबला. आलं नाही.

"देखणा हाय," द्वारकाबाई फ्रेमकडं बघत म्हणाल्या. "कुणाचा तरी आसंल. त्याची आई शोधत आसंल की त्याला. कुणाचा हाय?"

"कुणाचाच न्हाय मावशी. म्या केलाय."

बाईंनी फ्रेम परत कागदात गुंडाळली, जपून, चारी कोपरे दुमडून, आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"मग तुझा हाय. तू ने."

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलं की." त्या उठल्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. "सकाळी आधारकार्डाचाच लावू. चेहरा वंगाळ हाय, पण त्याचा हाय." साखर टाकता टाकता त्यांनी दाराकडं बघितलं. "आन् भाईर गाडीवर कवाचा कोण बसलाय? थंडीचा. त्याला बी घोटभर च्या दे."

रणजितनं सूप पुढं ओढलं आणि डाळ निवडायला लागला.

"हाक बी मारंना. मुका हाय का त्यो?"

...

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि तिनं दारापुढं एक कप नेऊन ठेवला. दार ओढून घेतलं. पहाटेपर्यंत दोघं समोरासमोर डाळ निवडत बसली.

सव्वासहाला उजाडायला लागलं तसा रणजित बाहेर आला. गाडीवर कुणी नव्हतं. रात्रभर दव पडलेलं, टाकी ओली, हँडल ओलं, पुढची सीट ओली. मागची कोरडी होती.

वर्षश्राद्धाला थांबायचं धाडस झालं नाही त्याला. तिथून थेट माझ्याकडं इंदापूरला गोदामात आला, फ्रेम मांडीवर घेऊन बसला आणि सगळं सांगितलं. रस्त्याचं डांबर उखडलंय म्हणून सांगावं, तशा आवाजात. मी म्हटलं, जाळून टाक ती. म्हणाला, "त्याला आई न्हाय, बाप न्हाय. जाळायचं कसं?" घेऊन गेला माळेगावला. अजून त्याच्या खोलीत आहे, म्हणतो, कपाटामागं.

इथवर असतं तर मी म्हटलं असतं, पोरगं दुःखानं भ्रमिष्ट झालं. पण मग लग्नसराई आली.

रणजित लग्नांचे फोटो काढतच होता. एके दिवशी बारामतीचं एक गिऱ्हाईक अल्बम घेऊन आलं आणि म्हणालं, "हा कोण उभा हाय?" ग्रुप फोटोच्या कडेला एक माणूस, डोळे मिटलेला. ग्रुपमध्ये एकाचे डोळे मिटतातच, त्यामुळं आधी कुणाला काही वाटलं नाही. पण रणजितनं मागचे अल्बम काढून बघितले. सगळ्यांत होता. नवरीकडच्यांना विचारलं तर म्हणायचे, नवऱ्याकडचा असेल. नवऱ्याकडचे म्हणायचे, तिकडचा असेल. त्यामुळं कुणाची तक्रारच यायची नाही. कडेला असला तर रणजित कापून टाकायचा. पुढं पुढं तो मधे उभा राहायला लागला. मग कापता येईना.

हे सगळं ठाऊक असताना मी माझ्या पोरीच्या लग्नाचं काम त्यालाच दिलं. आपलाच पोरगा, असं वाटलं. १९ मेला जास्मिनचं लग्न झालं, इंदापुरातच. जास्मिन सासरी गेली आणि घर मोकळं मोकळं झालं. एकुलती एक पोर. माझी बायको खतिजा दिवसभर काही बोलायची नाही. नुसती तिच्या खोलीचा केर काढायची. सकाळी काढायची, दुपारी परत काढायची.

महिन्यानं अल्बम आला. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बघत बसलो. पाचव्या पानावर घरच्यांचा फोटो. मी, खतिजा, नवरानवरी. आणि खतिजाच्या मागं, तिच्या खांद्यावर हात ठेवून...

मी ओळखला. स्टुलावर बघितला होता मी त्याला.

तरी विचारलं, "हा कोण गं?"

खतिजानं चष्मा पुसला, पान जवळ घेतलं, आणि त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. जास्मिन गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"असं काय करताय? आपला मुजम्मिल की."

पोरांनो, आमच्यात मुजम्मिल नावाचं कुणी नाही. माझ्या घरात नाही, तिच्या माहेरी नाही.

द्वारकाबाईंनी न्हाय म्हटलं होतं. एकटी बाई, भिंत रिकामी, आणि एवढा देखणा चेहरा हातात आलेला, तरी न्हाय म्हटलं होतं. माझ्याही ओठांवर आलं होतं. पण खतिजा हसत होती... मी गप्प राहिलो. खोटं कशाला सांगू, नाव ऐकून मला बरं वाटलं.

त्या रात्रीपासून खतिजा तीन ताटं वाढते. तिसरं झाकून ओट्यावर ठेवते. सकाळी ते ताट घासून पालथं घातलेलं असतं. मी घासत नाही. तिला विचारलं, तीही म्हणते, मी नाही.